अमरावतीच्या मे महिन्यात अणू थंड करताना

माझ्या मावसभावाची तेल्हाऱ्याकडे संत्र्याची बाग आहे. मी अणू थंड करते, असं त्याला कोणीतरी सांगितलं. एका रविवारी तो थेट अमरावतीला आला, चहा घेतला आणि म्हणाला, "ताई, किती थंड होते म्हने तुह्या मशिनीत?"

मी म्हटलं, "अवकाशातही नसते इतकं."

"मंग दोन क्विंटल संत्री ठेवता येतीन काय? भाव येईपर्यंत?"

मी त्याला सांगितलं की माझ्या यंत्रात जेवढे अणू मावतात, त्या सगळ्यांचं वजन मुंगीच्या पायावरच्या केसाइतकंही भरत नाही. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग एवढी लाइट काहून जाळता वं तुमी लोकं?"

हा लेख म्हणजे त्याला दिलेलं उत्तर समजा. तेव्हा नीट देता आलं नव्हतं.

अमरावतीच्या एका भौतिकशास्त्र विभागात मी प्रयोगशाळेची तांत्रिक अधिकारी होते. नोकरीला कधी लागले, बढती कधी मिळाली, हे सेवापुस्तकात आहे, ते तिथंच राहू द्या. घरातली पहिली पदवीधर मी. बाबा अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आमच्याकडे 'तुमची पोरगी काय करते' असं कोणी विचारलं तर बाबा सांगत, "सायन्स करते." यापुढे काही विचारायची समोरच्याची हिंमत होत नसे. तो रुबाब मी पुढं चालवला, एवढंच.

आता काम काय होतं ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे.

कोणत्याही घड्याळाला हलणारं काहीतरी लागतं. जुन्या घड्याळात लंबक हलतो, हातातल्या घड्याळात स्फटिक थरथरतो. पण दोन लंबक कधी एकसारखे नसतात, आणि उन्हाळ्यात लंबकही लांबतो. अणूचं तसं नाही. रुबिडियम नावाच्या धातूच्या अणूत एक ठरलेलं स्पंदन असतं, सेकंदाला सहाशे त्र्याऐंशी कोटींहून जास्त वेळा. अणू परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळेतला असो की आमच्या विभागातल्या मागच्या खोलीतला, त्यात काडीचा फरक पडत नाही. अणूला गाव विचारायची सवय नाही. मला या कामात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

अडचण एकच. साध्या हवेच्या तापमानाला हे अणू ताशी हजार किलोमीटरच्या वेगानं पळतात. न थांबणाऱ्या एसटीची पाटी वाचण्यासारखं आहे ते. वाचता येत नाही, आणि वाचली असं वाटलं तर चुकीची वाचलेली असते. म्हणून आधी अणूला हळू करायचं. हळू करणं म्हणजेच थंड करणं, कारण उष्णता म्हणजे अणूंची पळापळच असते.

ते आम्ही लेझरच्या उजेडानं करतो. समोरून हॉर्न वाजवत येणाऱ्या मोटारसायकलचा आवाज चढा लागतो, गेली की उतरतो. उजेडाचंही तसंच आहे. लेझरचा सूर आम्ही अणूला हवा त्यापेक्षा किंचित खाली ठेवतो. स्थिर अणूला तो जवळजवळ ऐकूच येत नाही. पण जो अणू त्या उजेडाच्या दिशेनं धावत येतो, त्याला तो सूर चढलेला, म्हणजे बरोबर लागतो. तो उजेड गिळतो आणि मागे ढकलला जातो. असे सहा किरण सहा बाजूंनी सोडले की अणू जिकडे पळेल तिकडून त्याला धक्का बसतो. शेवटी तो काकवीत पडलेल्या माशीसारखा मंदावतो. या स्थितीला शास्त्रज्ञसुद्धा काकवीच म्हणतात, मी पदरचं काही घातलेलं नाही. बाजूच्या दोन तारांच्या वेटोळ्यांचं चुंबकत्व त्यांना मधोमध धरून ठेवतं, आणि तिथं अणूंचा एक छोटा ढग तयार होतो.

हे सगळं आम्ही अमरावतीत करायला निघालो होतो. त्यासाठी सरकारी निधी मिळाला होता आणि तीन वर्षांची मुदत होती. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी निधी देणाऱ्यांची समिती काम पाहायला आली. तिचे अध्यक्ष पुण्याचे, नावाजलेले, बोलायला गोड. आमचं अर्धवट यंत्र पाहून ते म्हणाले, "तायडे मॅडम, तुमच्या इथल्या उन्हात माणूस थंड राहत नाही, अणू काय राहणार?"

सगळे हसले. मीही हसले, पण मला ते लागलं. जाताना त्यांनी अहवालात लिहिलं की पुढच्या मेपर्यंत थंड अणूंचा ढग आणि त्यात घड्याळाची खूण, म्हणजे अणूचं ते ठरलेलं स्पंदन पकडल्याचा पुरावा, दोन्ही दिसलं नाही, तर सगळी सामग्री एका मोठ्या शहरातल्या संस्थेला हलवावी. म्हणजे लेझर जाणार, पंप जाणार, टेबलसुद्धा जाणार. आणि पुन्हा कोणी आमच्याकडे असलं काम देणार नाही. 'वऱ्हाडात दिलं होतं, जमलं नाही,' एवढं एक वाक्य पुढची पन्नास वर्षं पुरलं असतं.

अध्यक्षांचं अगदीच चूक होतं असंही नाही. रुबिडियम एकोणचाळीस अंशांना वितळतं. पुस्तकात त्याला घन धातू म्हणतात. आमच्याकडे एप्रिल लागला की बंद काचेच्या नळीत ते पाऱ्यासारखं वाहायला लागायचं.

आणि पहिल्या उन्हाळ्यात मी जी चूक केली, ती पुण्यामुंबईच्या माणसानं केलीच नसती. खोलीतल्या एसीनं मान टाकली, म्हणून मी खिडकीत कूलर बसवला. मोठा, नवं गवत भरलेला, आपल्याकडे लग्नाच्या मांडवात असतो तसा. खोली अर्ध्या तासात गार झाली. सगळ्यांनी मला शाबासकी दिली. आमचा लेझर म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा, तो सोळा अंशांवर ठेवलेला. आपल्या कोरड्या हवेत त्याला काही होत नव्हतं. कूलरची ओली हवा आली आणि थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसं त्याच्या तोंडावर दव धरलं. लेझर मेला. शाबासकी देणारे सगळे पांगले.

तो धडा घेऊन आम्ही खोली नीट बंदिस्त केली. पण खरी लढाई पुढे होती, आणि ती हवेशी होती.

अणूंचा ढग ज्या पोलादी भांड्यात करायचा, त्यात हवा नको. म्हणजे जवळजवळ काहीच नको. हवेचा एखादा कण धडकला तरी थंड अणू उडून जातो. हे भांडं बाहेरून मागवायला वेळ नव्हता. मी सुचवलं, अकोल्याचे सलीमभाई करून देतील. सलीमभाईंचं लेथचं वर्कशॉप जठारपेठेच्या पलीकडे आहे. जिनिंगचे रोलर, तेलघाण्याचे सुटे भाग हे त्यांचं काम. बाबा त्यांच्या वडिलांना ओळखत. विभागातले काही जण म्हणाले, "लेथवाल्याकडून काय प्रयोगशाळा बनते काय?" मी आमच्या विभागप्रमुख सरांना म्हटलं, "माझ्या जबाबदारीवर."

सलीमभाईंनी असं भांडं केलं की हात फिरवावासा वाटे. फिरवायचा नसतो, ही वेगळी गोष्ट. बोटाचा एक ठसा आत राहिला तरी त्यातलं तेल महिनोन्‌महिने वाफ होऊन निघत राहतं.

आम्ही भांडं धुतलं, पंप लावला आणि मीटरकडे पाहत बसलो. आकडा उतरत उतरत एका जागी आला आणि तिथंच बसला. हवा होता त्याच्या शंभरपट वर. आठवडा गेला, महिना गेला. सांध्यांवर स्पिरिटचे फवारे मारून गळती शोधली. गळती नव्हती. तिसरा महिना संपला तेव्हा फेब्रुवारी सरत आला होता.

आणि इथं मी ती गोष्ट केली जिची मला आजही लाज वाटते. अश्विनी नावाची पातूरची मुलगी आमच्याकडे पीएच.डी. करत होती. एकदा हातमोजे न घालता ती भांड्याजवळ उभी असलेली मी पाहिली होती. त्या दिवशी चार लोकांसमोर मी तिला म्हटलं, "मले वाटते आत तूच हात लावला."

ती म्हणाली, "नाही लावला, मॅडम."

"मंग काय भुतानं लावला?"

ती काम चोख करत राहिली, पण पुढचे दोन-अडीच महिने माझ्याशी कामाशिवाय एक शब्द बोलली नाही. मी स्वतः कॉलेजात असताना 'तुम्हा लोकांना हे जमायचं नाही' अशा नजरा खाल्लेल्या. आणि मी त्याच नजरेनं एका मुलीकडे पाहिलं.

मार्चमध्ये एक कडं करून घ्यायला मी अकोल्याला गेले. सलीमभाई एका जिनिंगवाल्याचा भाग तयार करून देत होते. त्यांनी शेजारच्या डब्यात बोट बुडवलं आणि त्या भागाच्या प्रत्येक भोकात, बोल्ट फिरतो त्या आट्यांमध्ये, दाबून दाबून ग्रीस भरायला लागले. 

"सलीमभाई, हे काय करून राहिले?"

"आट्यात ग्रीस भरून राहिलो, मॅडम. गिऱ्हाइकानं बोल्ट लावला का मक्खनसारखा गेला पायजे. अब्बा सांगून गेले, सुका आटा दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाई."

"आमच्या भांड्यातही भरलं होतं?"

ते दुखावलेच. "म्हंजे काय, मॅडम! तुमचं तर खास काम होतं. आतल्या पट्टीले बारा भोकं होते, बाराही भरले. एकदा नाई, दोनदा. भारीतलं ग्रीस वापरलं. बिलात नाई लावलं त्याचं."

मी तिथल्या स्टुलावर बसले.

भांड्याच्या आत बाकीचे भाग स्क्रूनं बसवायला जी पट्टी होती, तिची भोकं आरपार नव्हती, तळ बंद असलेली. आम्ही भांडं साबणानं, रसायनानं धुतलं ते वरवर. तळाशी ग्रीस तसंच राहिलं आणि त्यावर आम्ही स्क्रू आवळून बूच मारलं. आता ते स्क्रूच्या फटीतून तीन महिने हळूहळू वाफ सोडत होतं. भांडं गळत नव्हतंच. बारा भोकांतून त्याची खातिरदारी उतू चालली होती.

सलीमभाईंना समजावलं तेव्हा त्यांनी हातातला भाग खाली ठेवला. "म्हंजे माह्या हातानं सत्यानाश झाला?"

"तुमच्या हातानं नाही. मी नकाशात केसाच्या निम्म्या जाडीइतकं माप लिहिलं, पण 'ग्रीस नको' हे दोन शब्द लिहिले नाहीत. तुम्हाला काय स्वप्न पडणार?"

"समिती कधी येते?"

"मेमध्ये."

"मंग रडून काय राहिलो आपन? परवा येतो मी अमरावतीले."

त्याच संध्याकाळी मी अमरावतीला परतले आणि सरळ प्रयोगशाळेत गेले. अश्विनी होती. ज्या चौघांसमोर मी तिला बोलले होते त्यांना बोलावलं आणि त्यांच्या देखत म्हटलं, "अश्विनी, हात तू लावला नव्हता. चूक माझ्या नकाशाची होती. मी तुला उगाच बोलले, मला माफ कर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "माफीचं नंतर पाहू, मॅडम. स्क्रू मी काढते."

बाराही स्क्रू तिनं काढले. प्रत्येकाच्या टोकाला मधाच्या रंगाचा एक ठिपका होता. तिनं ते पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडून ठेवले. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

सलीमभाई नवी पट्टी घेऊन आले. भोकं आरपार, म्हणजे आत काही अडकायला जागाच नाही. आणि आटे सुके. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सुका आटा गिऱ्हाइकाच्या हातात दिला, आणि देताना तोंड दुसरीकडे फिरवलं.

मग भांडं भाजायचं. पोलादाच्या अंगात मुरलेली वाफ काढायला ते दोनशे अंशांवर दिवसचे दिवस तापवावं लागतं. भांड्याला तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळल्या आणि वरून पोळ्या बांधायचा फॉइल. जवळच्या तीन दुकानांतला सगळा फॉइल आम्ही उचलला. तिसऱ्या दुकानदारानं विचारलं, "मॅडम, लग्न आहे काय घरी?" बाहेर एप्रिल, आत दोनशे अंश. पाच दिवस आळीपाळीनं आम्ही त्या खोलीत बसलो. सहाव्या दिवशी भांडं निवलं आणि मीटरचा आकडा खाली निघाला. जिथं तीन महिने बसला होता ती जागा त्यानं मागे टाकली आणि हवा तिथं जाऊन थांबला. सर टाळ्या वाजवायला लागले. मीटरसाठी टाळ्या वाजवणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

समिती यायच्या आठ दिवस आधी, सकाळी, सहाही किरण जुळले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर काळ्या अंधारात एक पांढरा दाणा उमटला, ज्वारीच्या दाण्याएवढा. अश्विनीनं लेझर बंद केला, दाणा गेला. चालू केला, दाणा आला. ती म्हणाली, "मॅडम, पाह्यलं काय?" इतक्या दिवसांनंतर ती माझ्याशी आपणहून बोलली ते हे. मी म्हटलं, "पाह्यलं." 

घड्याळाची खूण मात्र एकदाच दिसली होती, तीही पुसट.

समितीचा दिवस. पारा पंचेचाळीसच्या वर. सकाळी आठला ढग होता. अकरा वाजता अध्यक्ष आले, त्यांच्याबरोबर दोन सदस्य, आमचे सर, प्राचार्य, शिवाय 'आपणही पाहू' म्हणून आलेले पाच-सहा जण. सगळे त्या छोट्या खोलीत शिरले. मी समजावून सांगायला लागले आणि माझ्या डोळ्यांसमोर पांढरा दाणा थरथरला आणि गेला.

अश्विनीनं लेझर पुन्हा सुरावर आणला. दाणा आला, पुन्हा गेला.

अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, "असू द्या, मॅडम. होतं असं."

त्या 'असू द्या'मध्ये मला सामग्री न्यायला येणाऱ्या ट्रकचं इंजिन ऐकू आलं. मी भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिलं. खोली तीन अंशांनी चढली होती. एक माणूस म्हणजे शंभर वॉटचा बल्ब. खोलीत तेरा बल्ब पेटले होते आणि लेझरचा सूर ढळत होता.

मी म्हटलं, "सर, यंत्रात काही बिघाड नाही. तुमच्यामुळं खोली तापून राहिली. सगळे बाहेर व्हा."

प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. "तायडे मॅडम!"

"तुमीही, सर."

बाहेर म्हणजे व्हरांडा, पश्चिमेकडचा, पत्र्याचा. मी पडदा उचलून लांब केबलनं बाहेर एका बाकावर नेऊन ठेवला, दार लोटलं, आणि आत फक्त अश्विनी आणि तिचा संगणक राहिला. मी दारात उभी. समिती तापल्या पत्र्याखाली.

दहा मिनिटं काही झालं नाही. मग पडद्यावर दाणा उमटला. आणि राहिला.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "चुंबक बंद करा. मला तो पडताना पाहायचाय."

मी दाराच्या फटीतून ओरडले, "चुंबक बंद!" ढग पसरत, हळूच खाली गेला.

"पुन्हा."

"पुन्हा!" मी आत ओरडले.

तो दहा वेळा पडला. किती पसरतो त्यावरून तापमान निघतं. अश्विनीनं आकडा आतून ओरडून सांगितला. निरपेक्ष शून्याच्या वर, एका अंशाचा दहा हजारावा भाग. अध्यक्षांनी स्वतःच्या कागदावर गणित केलं आणि मान हलवली. त्यांच्या कपाळावरून घाम त्या कागदावर पडत होता.

"आणि घड्याळाची खूण?"

आता अश्विनीनं अणूंवर सोडलेल्या सूक्ष्मलहरींचा, म्हणजे मायक्रोवेव्हचा, सूर पायरी पायरीनं सरकवायला सुरुवात केली. प्रत्येक पायरीला पडद्यावर एक ठिपका. सूर अणूच्या स्पंदनाशी जुळला, तर ठिपक्यांची रेघ खाली वाकली पाहिजे. रेघ सरळ चालली. वीस ठिपके सरळ. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलं नाही. एकविसावा थोडा खाली आला. बाविसावा आणखी खाली. मग रेघ विहिरीत उतरावी तशी उतरली, तळाला गेली आणि पलीकडून वर चढायला लागली. बरोबर त्याच जागी, जिथं जगातल्या प्रत्येक रुबिडियम अणूची असते.

 मग अध्यक्षांनी अहवालाचा कागद मांडीवर घेतला, एका ओळीवर काट मारली आणि तिथंच, घामानं चिकटलेल्या हातानं, वर काहीतरी लिहिलं.

"सामग्री अमरावतीतच राहील, असं लिहिलंय मी," ते म्हणाले. मग रुमालानं मान पुसत त्यांनी विचारलं, "तायडे मॅडम, आता तरी आत येऊ का?"

मी फटीतून आत पाहिलं. अश्विनी संगणकावरून नजर न हलवता एक हात वर धरून उभी होती.

मी म्हटलं, "दहा मिनिटं थांबा, सर. पोरगी अजून मोजून राहिली."